गृहविचार : भिंत पाहून फळी

चौलकडील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. घर चौदा माणसांचे. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर आजेसासऱ्यांच्या वेळचे असून मागील दोन खोल्या व वरचा मजला अलीकडे नव्याने बांधलेला आहे. माणसे वाढली तशी भांडी, डबे आणि पुस्तकेही वाढली, आणि जमीन मात्र होती तेवढीच राहिली. सबब सर्व काही भिंतीवर चढवावयाचे ठरले. त्या लिहितात, ‘सुतार म्हणतो, भिंत ती भिंत, म्हणाल तेथे ठोकून देतो. सासूबाई म्हणतात, जुन्या भिंतीला एकही भोक पाडावयाचे नाही. आम्ही ऐकावे कोणाचे?’

आमचे उत्तर असे की, सासूबाईंचे बरेचसे ऐकावे आणि सुताराचे हे एक वाक्य मुळीच ऐकू नये. हल्ली बाजारात फळी मिळते, टेकू मिळतात, स्क्रूंची पुडी त्यांच्याबरोबर फुकट मिळते, आणि घेणाऱ्यास वाटते की वजन या तिघांनी मिळून उचलावयाचे आहे. वजन उचलते भिंत. तिची जात ओळखल्यावाचून घेतलेले उत्तमातील उत्तम सामानही व्यर्थ होय, आणि फळीखाली पाळणा अथवा म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण असेल तर ते व्यर्थ म्हणून थांबत नाही.

आमच्या किनाऱ्यावर अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांत भिंतीवर टांगलेली फळी सहसा दिसत नाही. आपल्या वडिलांना फळ्या बसविता येत नव्हत्या म्हणून नव्हे. ते वजन भिंतीच्या अंगावर लटकावीत नसत. भिंतीच्या पोटात ठेवीत, जमिनीवर उभे करीत, किंवा तुळईला टांगीत. दिवळी, कोनाडा आणि फडताळ ही भिंत रचतानाच तिच्या जाडीत सोडलेली असत, व फडताळातील फळ्यांची टोके दोन्ही बाजूंस दगडांत शिरलेली असत. मांडणी आपल्या चार पायांवर उभी राही, भिंतीला ती केवळ पाठ टेकी. दुधातुपाचे शिंकाळे तुळईच्या कडीत असे. राहता राहिली खुंटी. तीही मागाहून ठोकलेली नव्हे. गवंडी भिंत चढवीत असतानाच ती बसवी, तिची बहुतेक लांबी भिंतीत जाई आणि बाहेर उरे ते वीतभर टोक किंचित वर वळलेले असे.

हितोपदेशातील मित्रलाभ ज्यांनी शाळेत वाचला असेल त्यांना चूडाकर्ण नावाचा परिव्राजक आठवेल. उरलेल्या भिक्षान्नाचे पात्र तो नागदंतकावर ठेवून निजत असे आणि उंदीर उडी मारून ते अन्न खात असे. नागदंत म्हणजे हत्तीच्या सुळ्याप्रमाणे भिंतीतून पुढे आलेली खुंटी. वात्स्यायनाने नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन केले आहे, तेथेही वीणा नागदंतालाच अडकविलेली आहे. उंदराचा बंदोबस्त नागदंताने झाला नाही हे खरे, पण तो भिंतीतून निसटून परिव्राजकाच्या मस्तकावर पडल्याचे कोणी लिहिलेले नाही. वस्तू जेथे टेकावयाची तो आधार भिंतीचाच अवयव असावा, ही त्यातील मेख आहे.

आता भिंतींच्या जाती पाहू. जुन्या घरातील दगडमातीची भिंत हात-दीड हात जाड असते, म्हणून ती फार बळकट असावी असा समज होतो. वरून येणाऱ्या भारापुरती ती बळकट असतेही. परंतु तिची रचना म्हणजे बाहेरून व आतून दगडांचे दोन थर, मध्ये लहान दगड व मातीची भर, आणि सांध्यांतून चुन्याऐवजी पुष्कळदा मातीच. वरून दाबले असता ही भिंत अधिकच घट्ट बसते. पुढे ओढले असता तिच्यापाशी विरोध करावयास काहीच नसते. गिरमिट दगडावर पडले तर घसरते व सांध्यात पडले तर लोण्यात जावे तसे आत जाते, आणि त्या भोकात बसविलेला स्क्रू दिनदर्शिका किंवा तसबीर धरील, तांब्या-पितळेची भांडी धरणार नाही. येथे सासूबाईंचेच खरे. अशा घरात मांडणी जमिनीवर उभी करावी आणि तिचा माथा मात्र लाकडी खांबाला किंवा तुळईला पट्टीने जखडून टाकावा. जुन्या घराचे छप्पर पुष्कळ वेळा खांब-तुळयांवरच असते. त्या लाकडास चार स्क्रूंचे ओझे नाही, फक्त ते आतून वाळवीने पोखरलेले नाही ना, हे टोचणीने आधी पाहावे.

दुसरी जात जांभ्या चिऱ्याची. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हसळे-श्रीवर्धनकडे, ही विशेष. या दगडास इंग्रजीतील ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात दिले. मलबारातील अंगाडिपुरम येथे लोक तो विटांसारखा कापून काढतात हे त्याने पाहिले होते, आणि लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होत जातो. त्याचा दोष एवढाच की, त्याच्या अंगात पोकळ्या फार. दोन बोटांच्या अंतरावर पाडलेल्या दोन भोकांपैकी एक भरीव दगडात जाईल आणि दुसरे रिकाम्या बिळात. म्हणून चिऱ्यात भोक पाडताना गिरमिटाचा ठोके देणारा खटका बंद ठेवावा, ते नुसते फिरवून हळू आत न्यावे, आणि मध्येच एकदम हात सैल पडला तर तेथे पोकळी आहे असे समजून ती जागा सोडावी. जागा सोडणे शक्य नसेल तर पोकळी सिमेंट-वाळूने ठासून भरावी, आठवडाभर ओली ठेवून पक्की होऊ द्यावी व मग पुन्हा भोक पाडावे. सुतार आठवडाभर थांबत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याला थांबवावे.

पक्क्या विटांची, सिमेंटात रचलेली भिंत फळ्यांना सर्वांत सोयीची. अट एवढीच की भोक विटेत पडावे, दोन विटांमधील सांध्यात नव्हे, व विटेच्या अगदी कडेसही नव्हे. अर्ध्या विटेची आडभिंत मात्र जपून हाताळावी. तिची जाडी चार-साडेचार इंचच असते, आणि अलीकडच्या खोलीतील फळीच्या पाठीस पाठ लावून पलीकडच्या खोलीतही फळी बसविली तर दोन्ही भोकांनी मिळून ती वीट आतून फुटते.

चौथी जात नवी आहे. हल्ली वरचे मजले हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांनी बांधतात. ठोकळा आकाराने मोठा, हातात घेतला तर आश्चर्य वाटावे इतका हलका. उष्णता रोखण्याचा त्याचा गुण चांगला आहे, पण साधा प्लग त्यात फिरतच राहतो. त्यासाठी रुंद पंखांचे, खास त्याच ठोकळ्यांकरिता केलेले प्लग मिळतात. तेच मागावे, आणि तरीही अवजड सामान या भिंतीवर न चढविता शेजारील काँक्रीटच्या खांबाकडे किंवा तुळईकडे न्यावे.

गिलाव्याखाली कोणती भिंत आहे हे कसे कळावे? बोटाने ठोकून थोडे कळते, पण निश्चित सांगते ती गिरमिटाच्या तोंडून पडणारी पूड. कोपऱ्यात, दृष्टीआड एक बारीक भोक पाडून खाली पांढरा कागद धरावा. आरंभी राखी किंवा पांढरी पूड पडेल, ती गिलाव्याची. पुढे नारिंगी-तांबडी आली तर वीट. गडद तांबडी, खड्यांसह व मधून मधून खंडित होणारी आली तर चिरा. ओलसर ढेकळे आली तर माती. आणि फिक्या राखी रंगाची, पिठासारखी मऊ पूड सहजपणे येतच राहिली तर हलका ठोकळा. काँक्रीट असेल तर फारशी पूड पडण्यापूर्वीच हाताला कळते. रंग कोठे बदलला त्या खोलीवर गिरमिटाच्या पात्यास खूण करावी, म्हणजे गिलावा किती जाड आहे तेही समजते. हे पुष्कळ मंडळी पाहत नाहीत. जुना चुन्याचा गिलावा एक इंचाचाही असतो. दीड इंचाचा स्क्रू टेकूतून व त्या गिलाव्यातून आत गेला तर खऱ्या भिंतीत त्याचे नखभर टोकच पोचते, आणि सारी फळी गिलाव्याच्या भरवशावर राहते. गिलावा सोडून निदान दीड-दोन इंच तरी प्लग भिंतीत गेला पाहिजे.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. फळी खाली ओढते हे सर्वांस दिसते, पण ती वरच्या स्क्रूस भिंतीबाहेर उपसते हे दिसत नाही. समजा, फळी ३० सेंटीमीटर रुंद आहे व तीवर ३० किलो भार सारखा पसरला आहे. मीटरभर लांबीची फळी पुस्तकांनी गच्च भरली तर भार साधारण एवढाच होतो. भाराचा मध्य भिंतीपासून १५ सेंटीमीटरांवर आला. टेकूचा जो हात भिंतीलगत खाली उतरतो, त्यावर वरचा स्क्रू खालच्या टोकापासून २० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर त्या उंचीवरील ओढ ३० गुणिले १५ भागिले २०, म्हणजे साडेबावीस किलो. दोन टेकूंत वाटून सव्वाअकरा. आता हेच अंतर साडेसात सेंटीमीटर ठेवा. ओढ एकदम ६० किलो होते. फळी तीच, पुस्तके तीच. टेकूचे दोन हात असमान असतील तर लांब हात भिंतीकडे यावा, हे आर्किमिडीजाच्या तरफेइतके जुने तत्त्व आहे. तरीही टेकू उलटे लावलेले आम्ही सुशिक्षितांच्याच घरी अधिक पाहतो, कारण लांब हात फळीखाली शोभून दिसतो.

याच हिशोबात एक मूल घालून पाहावे. वीस किलोचा नातू लाडवांच्या डब्यासाठी पुढच्या कडेला लोंबकळला, तर पहिल्या टेकूवर ३० किलो ओढ वाढते आणि आखूड टेकूवर ८० किलो. फळी मुलासकट खाली येते ती अशी.

प्लगविषयी दोन शब्द. पूर्वी भिंतीत चौकोनी खड्डा पाडून लाकडाची गिट्टी ठोकीत आणि तिच्यात स्क्रू पिळीत. लाकूड सुकले की गिट्टी सैल, दमट झाले की फुगून गिलाव्यास तडा. १९११ च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने तंतूंची पोकळ नळी योजली; ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची नासधूस न करता विजेचे सामान बसविण्याचे काम त्यास करावयाचे होते. आपल्याकडील गवंडी ‘रावल प्लग’ म्हणतात तो शब्द या रॉलिंग्जच्या नावावरून आलेला आहे, कोणा रावळाच्या नव्हे. पुढे १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने नायलॉनचा, दोन फाकांचा प्लग काढला, आणि आज जगभर तोच नमुना चालतो. स्क्रू आत शिरताना फाका फाकतात व भोकाच्या अंगास घट्ट बसतात. म्हणून भोक प्लगच्या मापाचेच हवे, आणि त्यातील पूड फुंकून किंवा पिचकारीने काढून टाकलेली हवी. पुडीत राहिलेल्या भुकटीवर प्लग फिरतो. भोक मोठे झाले म्हणून काड्यापेटीच्या काड्या खुपसण्याची युक्ती घरोघर आहे. तिच्यावर टोपी टांगावी, बरण्या नव्हेत.

आमच्या किनाऱ्याचा खरा शत्रू याहून निराळा आहे. खारा वारा घरात शिरून लोखंड खातो, आणि तो बाहेरचे डोके खाण्यापूर्वी गिलाव्यातील ओलाव्याच्या साहाय्याने आतील मान खातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे स्क्रू बारीक होत असता भोवतालचा गिलावा मात्र फुटत जातो. स्क्रूभोवती तांबूस कडे उमटले किंवा गिलाव्याचा पापुद्रा सुटला, तर ती फळी त्याच दिवशी रिकामी करावी. नवे सामान घेताना पिवळट झिलईचे स्क्रू समुद्राजवळ घेऊ नयेत. न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावेत, आणि त्यांतही ३१६ या क्रमांकाचे मिळाल्यास ३०४ पेक्षा ते बरे. त्यांत मॉलिब्डेनम नावाची धातू असते व ती खारटपणास अधिक टिकते. पितळेचे स्क्रूही गंजत नाहीत. अलिबागेची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली, मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालणार म्हणून कुलाब्याहून इकडे आणली, तेव्हा तिच्या बांधणीत पोरबंदरी दगड वापरून लोखंड कटाक्षाने टाळले आणि तांब्या-पितळेचे सामान योजले. तेथे कारण चुंबकसुईचे होते, गंजाचे नव्हे. परंतु लोखंडावाचून इमारत उभी राहते हे तिने दाखविले आहेच. पितळ मऊ असते, सबब त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा पिळून वाट करावी, तो काढावा, आणि मग पितळी बसवावा. नाहीतर डोके हातात येते.

फळीच्या लाकडाविषयी थोडक्यात लिहितो. साग किंवा जुना फणस असेल तर प्रश्नच नाही. भुश्याच्या दाबलेल्या फळ्या दिसावयास गुळगुळीत, पण एका पावसाळ्यात फुगतात व स्क्रू सोडतात; त्या या किनाऱ्यासाठी नव्हेत. प्लायवूड घ्यावयाचे तर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्यावे. दर फुटास भार तोच ठेवून टेकूंमधील अंतर दुप्पट केले तर फळीचा झोळ १६ पट होतो, हे ध्यानात ठेवून पाऊण इंची फळीस दर दोन फुटांवर टेकू द्यावा. भिंत आणि फळी यांत बोटभर फट सोडावी. पश्चिमेकडील भिंत आषाढात ओली होते आणि तिला चिकटलेल्या पोथ्यांना बुरशी धरते. वाळवीही त्या फटीतून जाताना दिसते तरी. हे सारे काम पावसाळा सरल्यावर, भिंती सुकल्यानंतर काढावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कितीक घरांची कौले व पत्रे उडून भिंती माथ्यापासून भिजल्या. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी त्या भिंतींवरील पूर्वीचे खिळे व टेकू एकवार हलवून पाहिल्याखेरीज वापरू नयेत. मातीत एकदा पाणी मुरले की ती पुन्हा सुकते, पण पूर्वीसारखी घट्ट होत नाही.

गिरमिट हाती घेण्यापूर्वी त्या भिंतीतील विजेचा मुख्य खटका बंद करावा. तारा बहुधा बटणांच्या फळ्यापासून सरळ वर किंवा सरळ खाली, नाहीतर आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषांत भोक पाडूच नये. मग यंत्रास वीज कोठून द्यावी, तर दुसऱ्या खोलीतून लांब तार ओढून. न्हाणीघराच्या पाठीमागील भिंतीत नळ असतात, तीही वाट चुकवावी.

सर्वांत शेवटी जागेचा विचार, जो खरे तर सर्वांत आधी करावा. निजणाऱ्याच्या डोक्यावर, पाळण्यावर आणि देवापुढे जेथे मंडळी बसतात तेथे जड फळी असूच नये. कितीही पक्की असली तरी नसावी. जड वस्तू खालच्या फळीवर, हलक्या वर. मुलांना भुरळ घालणारे काही वरच्या फळीवर ठेवू नये, कारण ती शिडी आणण्याऐवजी फळ्यांचीच शिडी करतात. जमिनीवर उभ्या असलेल्या कपाटांचीही तीच कथा. स्वीडनमधील आयकिया या कंपनीने २०१६ साली अमेरिकेतून २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागविली, कारण खण ओढून वर चढणाऱ्या लहान मुलांवर ती कोसळून काही बालके दगावली होती. ती कपाटे मोडकी नव्हती. भिंतीला बांधलेली नव्हती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथे याविषयी कायदाच झाला. आपल्या घरी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, एक पट्टी आणि दोन स्क्रू पुरतात.

फळी बसली म्हणजे लगेच भरू नये. तिच्यावर जेवढा भार ठेवावयाचा असेल त्याच्या दीडपट वजन, तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशव्या थोड्या थोड्या करून, चढवावे. त्यावेळी खाली कोणी उभे राहू नये, व मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. पिशव्या रात्रभर तशाच असू द्याव्यात. सकाळी टेकूचा वरचा कोपरा आणि भिंत यांच्या मध्ये कोरा कागद सरकवून पाहावा. कागद शिरत नसेल तर भांडी चढवावीत. शिरत असेल तर पिशव्या उतरवून सुतारास पुन्हा बोलावणे धाडावे, आणि तो आल्यावर प्रथम त्याला भिंतीची पूड दाखवावी.